रकाना एकोणीस

तार्तू, नदीकाठची इमारत, दुसरा मजला.
खाली एमायोगी गोठायला लागलीय,
काठाकडून आत, दुधावर साय धरावी तशी.
माझं काम काय म्हणून विचारलंत
तर एका शब्दात सांगते: निवडणं.
सप्टेंबरात आई लिंगनबेरीची बादली पुढ्यात घेऊन बसायची,
पाला, काडी, एखादा झोपलेला किडा.
तेच. फक्त इथला किडा
हुबेहूब आकड्यासारखा दिसतो.

एक बाई, वय एकोणसाठ, वजन सात किलो दोनशे.
एका गृहस्थांनी संमतीपत्रावर सही केली
स्वतःच्या जन्माच्या तीन आठवडे आधी.
चौथ्या रुग्णालयात तर सगळेच
एक जानेवारीला जन्मले.
तिथल्या नर्सला मी बोल लावत नाही.
रात्रपाळी, एकोणतीस खाटा,
आणि तारीख भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.
यंत्र हट्टाला पेटलं
की माणूस खोटं बोलायला शिकतो.

आमची तीन एप्रिल
समुद्रापलीकडे चार मार्च होते.
तेवढ्यात कुणाचा तरी आजार
औषधाच्या मागून चालू लागतो.

आणि मग चाचणी चारशे सतरा.
गुडघेदुखी. स्थिती: सहभागींची नोंदणी चालू.
अकरा वर्षं चालू!
मी व्होरूला फोन लावला,
डॉक्टर एंदेल पिह्लाक, निवृत्त,
आता मधमाश्या पाळतात.
"ती? ती केव्हाच संपली हो."
मग निकाल?
पलीकडे कुत्रं भुंकलं, दार लागलं.
"निकाल काही चांगला नव्हता.
तसला निकाल कोण मागतं?"
मी मागते, म्हटलं.
हवा होता त्याहून जरा वरच्या पट्टीत.

तळघरातून वही आणायला त्यांना दोन दिवस लागले.
मग ते वाचत गेले, मी लिहीत गेले,
बत्तीस माणसं, चौसष्ट गुडघे,
खरी गोळी, साखरेची गोळी,
दुखणं दोन्हीकडे सारखंच.
एवढंच. अकरा वर्षं
हे "एवढंच" बरण्यांमागे पडून होतं.

"सहावी बाई, तिचं नाव..."
नाव नको, डॉक्टर.
"बरं. सहा. चौथ्या भेटीनंतर आलीच नाही."
रकाना एकोणीस, सोडून जाण्याचं कारण:
मृत्यू एक, त्रास दोन, संमती काढली तीन,
इतर नऊ.
सहाव्या बाईपुढे नऊ.
अकराव्यापुढे नऊ. चौदा, बावीस, नऊ, नऊ.
माझ्या मानेवर काटा आला.
गोळीनं काही केलं की काय,
आणि ते इथं झाकून ठेवलंय?

"छे," पिह्लाक म्हणाले,
"दुपारची बस बंद झाली.
चौघंही त्याच रस्त्यावरची.
थांब्यापर्यंत तरी कशी येणार? गुडघे ना."

समितीला मी पत्र लिहिलं:
रकाना एकोणीसमध्ये चौथा पर्याय द्या,
येता आलं नाही.
उत्तर आलं, सूचना उत्तम,
पुढल्या आवृत्तीत विचार करू.
तोवर शेऱ्याची चौकट आहे, चाळीस अक्षरांची.
मी लिहिलं: दुपारची बस बंद.
चौकटीत बरीच जागा उरली.
उरू दे.

स्थिती बदलली: पूर्ण.
पडद्यावर काहीच हललं नाही.
कुठेतरी कुणी नवा तरुण डॉक्टर
हीच गोळी हातात घेऊन
पुन्हा बत्तीस गुडघेदुखे शोधायला निघाला असेल,
तर निघण्याआधी इथं डोकावेल,
अशी एक आशा. तिला रकाना नाही.

दिवे लावले साडेतीनलाच.
जाताना टपाल पाहिलं.
सात किलो दोनशेच्या बाईबद्दल
रुग्णालयाचं उत्तर आलेलं:
"तपासलं. बरोबर आहे."

कोट काढून ठेवला
आणि पुन्हा लिहायला बसले:
कृपया
त्या बाईला एकदा
काट्यावर उभं करून पाहा.